वाटणारीचा वाटा

५ जानेवारी, रविवार

"तू दिवसभर जे बोलतेस त्यातलं निम्मं इथं लिहीत जा, माझे कान वाचतील," असं म्हणून आमच्या ह्यांनी ही डायरी हातात ठेवली. हे म्हणजे सूर्यभान. दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरात गणित शिकवतात. दिवसभर पोरांपुढं घसा कोरडा करतात आणि घरी आले की त्यांना शांतता पाहिजे असते. मला काय, लिहिते. डायरी मध्येच उठून झोपायला तर जाणार नाही.

आज लिहिण्यासारखं आहे पण. आमच्या सात घरांची बैठक झाली. नांदेड-परभणीकडून पोटासाठी हैदराबादला आलेली ही सात घरं, कुणी रेल्वेत लागलं, कुणी दवाखान्यात, कुणी बँकेत. मागं सगळ्यांनी मिळून रिंग रोडच्या पलीकडं मल्लन्नगुड्याला एकराहून थोडी कमी जमीन घेतली. तेव्हा तिथं ज्वारी होती, मोर होते. आता चारी बाजूंनी व्हेंचर झालेत. शेत तोडून प्लॉट पाडले की इकडं त्याला व्हेंचर म्हणतात. दारात भली मोठी कमान, आत काटेरी झुडपं.

आता घरं बांधायचीच, असं ठरलं. मला तर स्वप्नंसुद्धा घराचीच पडायलीत. लग्न झाल्यापासून भाड्याच्या घरात आहे. उंचीनं मी एवढीशी, आणि ह्या घरमालकानं स्वयंपाकाचा ओटा केलाय स्वतःच्या पैलवान बायकोच्या मापानं. पाटावर उभी राहून भाकरी थापते मी. माझ्या घरात ओटा माझ्या कमरेला लागेल असा करणार, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

अप्पाराव नावाचा एजंट आला होता. जिभेवर साखर! "अम्मा, तुम टेन्शनच नक्को लेव. सात घर, सात टुकडे, बीच में बारा फूट का रस्ता. बस." मंजुरीचं विचारलं तर म्हणाला, "मंजुरी कायकू? कागज पे सब के नाम एकसाथ रखो, अंदर अंदर बाट लेव." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू?

एकट्या हिम्मतरावांना कधी काही सरळ पटत नाही. हे सिटी बसचे रिटायर कंडक्टर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी पुण्याला दिलेली. जिथं जातील तिथं आवाज चढवणार. आज म्हणे, "सातजणांनी घेतली, सातजणांना पुरती का नाही तेवढं बोल." अप्पाराव म्हणाला पुरते, तेव्हा बसले खाली. मग चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडले.

२७ जानेवारी, सोमवार

अर्धी सुट्टी टाकून प्लॅनिंगच्या ऑफिसात गेले. सिकंदराबादला रेल्वेच्या इंजिनियरिंग ऑफिसात मी नकाशे काढते, त्यामुळं सगळ्यांनी मलाच पुढं केलं. "गीता, तुला त्या लोकांची भाषा कळते." कळते म्हणे! मला रूळ कळतात, पूल कळतात.

तिथल्या ऑफिसर माधवी मॅडम. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. अप्पारावाचा कच्चा नकाशा त्यांनी एकदा पाहिला आणि उलटा करून माझ्याकडं सरकवला. असे तुकडे रजिस्टर होत नाहीत, त्यावर घराची परवानगी मिळत नाही, आणि बांधलंच तर आज ना उद्या पाडायला आम्हीच येतो. शेताचे प्लॉट पाडायचे तर ले-आउट मंजूर करून घ्या. तीस फुटांचा रस्ता, दहावा हिस्सा मोकळी जागा, दोन्ही गावाला दान लिहून द्यायचं. जमिनीच्या कडेनं नाला जातो, तिथंही अंतर सोडायचं.

मी म्हटलं, "मॅडम, जमीन आमची, पैसा आमचा, आणि रस्ता दान का म्हणून द्यायचा?"

त्या म्हणाल्या, "रस्ता तुम्हारा रहा तो कल तुम में से कोई गेट लगा देंगा. गाव का रहा तो कोई नहीं लगा सकता."

अस्सा राग आला मला! एवढ्यात त्यांना कुणाचातरी फोन आला. कुणी मोठा असणार, कारण मॅडम उभ्या राहून बोलत होत्या. तेलुगूत तीच तीच दोन वाक्यं. सर, नियमात बसत नाही सर. नाही सर, नाही बसत. फोन ठेवल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं तर ते दोनदा निसटलं. पण "नाही" ते "नाही"च राहिलं. मला सहन होईना अशी बाई, पण बाहेर येईपर्यंत मनात आलं, आपल्या पोरीबाळींत एखादी अशी निघाली पाहिजे.

शनिवारी जमीन बघायला येते म्हणाल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

मॅडम खरंच आल्या. स्कूटीवर, एकट्या, डबा घेऊन. आम्ही चौघं होतो. हे, मी, हिम्मतराव आणि चतुरामावशी. चतुराबाई सगळ्यांच्याच मावशी. सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागल्या आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिल्या. आमच्यात सगळ्यांत मोठ्या, आणि त्यांनी शब्द टाकला की कुणी खाली पडू देत नाही.

जमीन बघितल्यावर मॅडम म्हणाल्या, चला, शेजारचं व्हेंचर दाखवते. ते बारा फुटी रस्त्याचं, अप्पारावानंच पाडलेलं. घरांच्या पायऱ्या रस्त्यावर आलेल्या. पाण्याचा टँकर आत घुसलेला, पुढं सरकेना आणि वळेना. ड्रायव्हर सगळ्या गल्लीचा उद्धार करत होता, बाया घागरी घेऊन त्याचा उद्धार करत होत्या. आमचे हिम्मतराव कुणी न बोलावता पुढं झाले. "आन दे, आन दे, लेफ्ट काट, रोक्को!" करत, भिंतीवर थापा मारत त्यांनी तो टँकर कोपऱ्यापर्यंत मागं काढला. शर्ट घामानं भिजला, वर ड्रायव्हरशी भांडणही झालं. ह्या माणसाला जिथं तिथं पुढं पुढं करायची भारी हौस.

मॅडमनी एवढंच सांगितलं, की मागच्या महिन्यात इथल्या एका म्हातारीला खाटेवर घालून कोपऱ्यापर्यंत आणावं लागलं, अँब्युलन्स आत येईना.

चतुरामावशी त्या गल्लीकडं बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "गीता, मी लई माणसं पाहिली गं, दारात येऊस्तोवर जीव होता आणि आत नेल्यावर नव्हता. वाटेतच जायची. मला नाही जायचं तसं खाटेवर. रस्ता मोठाच पाहिजे." आणि मॅडमना म्हणाल्या, "बाई, तुझा डबा काढ, आपण मिळून जेवू."

मॅडम जमिनीवर मांडी घालून जेवल्या. मावशींची ठेचा-भाकरी खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी अजून मागितली. तेलुगू माणसाला तिखट दाखवायचं म्हणजे सूर्याला काजवा दाखवण्यातला प्रकार, पण मावशींच्या ठेच्यापुढं त्यांचंही काही चाललं नाही. मला आवडली बाई. राग आहेच, पण आवडली.

९ फेब्रुवारी, रविवार

भांडणाची बैठक. अप्पारावाच्या बाजूनं निम्मे, मॅडमच्या बाजूनं निम्मे. शशिकांत बँकेत आहे, वयानं तरणा, त्याला तीन मजले चढवून भाडेकरू ठेवायचेत. परवानगीशिवाय बँक कर्ज देणार नाही, म्हणून तो मंजुरीच्या बाजूनं. हिम्मतराव अप्पारावाच्या बाजूनं! परवा घाम गाळून टँकर काढला तरी! "रस्ता मोठा, मोकळी जागा मोठी, नाल्याला जागा सोडा. मग माणसाला काय उरलं? सातजण होतो, सातजणच राहणार. एकालाबी कमी पडलं तर माझी सही नाही," म्हणे. मी म्हटलं, काका, तुम्हाला पाडापाडी चालेल का? तर म्हणाले, "तू नकाशा काढ आधी. काढून दाखव सात." म्हणजे आव्हानच.

शेवटी चतुरामावशी उठल्या. म्हणाल्या, मंजुरीनंच करायचं. आणि वाटणी आपल्या रीतीनं करायची.

रीत मला माहीत होती, पण कुणी अशी भर बैठकीत काढेल असं वाटलं नव्हतं. आमच्या गावाकडं बोकड कापलं की वाटे घालणारा एकच असायचा. सुरी ज्याच्या हातात, त्याचा वाटा शेवटी. आधी सगळ्यांनी आपापल्या पसंतीनं उचलायचं, उरेल ते त्याचं. त्यामुळं तो डोळ्यांत तेल घालून वाटे सारखे घालायचा आणि भांडण होत नव्हतं.

"आता इथं सुरी कुणाच्या हातात आहे?" मावशींनी विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी हो म्हटलं. मान वाटला मला, खरंच. आमचे हे घरी येताना म्हणाले, "आधी जमिनीचा आकार तरी बघायचास." मी म्हटलं, गणिताच्या मास्तरानं भिऊ नये.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भ्यायला पाहिजे होतं.

चार दिवस रोज ऑफिसातून आले की नकाशा घेऊन बसते. जमीन विळ्यासारखी वाकडी. रस्ता उत्तरेकडून घेतला, दक्षिणेकडून घेतला, मोकळी जागा मध्ये टाकली, कडेला टाकली. कसंही करा, सहा प्लॉट नीट पडतात आणि नाल्याच्या बाजूला एक पट्टी उरते. लांब आहे, पण रुंदी भरत नाही. त्यावर घराची परवानगी मिळणार नाही. लायसन्सवाल्या सर्व्हेयरलाही दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, याच्यापेक्षा चांगलं मीही काढू शकत नाही." ऐकून बरं वाटायला हवं होतं.

सात घरं. सहा प्लॉट. एक पट्टी. आणि वाटणारी मी, म्हणजे शेवटी उचलणारी मी.

ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ नकाशा बघत बसले आणि म्हणाले, "बरोबर काढलायस." मी रडले. असला कसला नवरा, अशा वेळी बरोबर म्हणतो!

२० फेब्रुवारी, गुरुवार

नकाशा मॅडमना दाखवायला गेले. हिम्मतराव "मीबी येतो" म्हणून बसमध्ये चढले, आणि कंडक्टर तिकीट नीट फाडत नाही म्हणून दिलसुखनगरपासून त्याच्याशी हुज्जत.

मॅडमनी नकाशाचं कौतुक केलं. एवढी स्वच्छ रेषा मी ह्या टेबलावर बघितली नाही, असं म्हणाल्या. आणि पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या, हिचं वेगळं घर होणार नाही. पण शेजारच्या सहा नंबरात मिळवून एकच प्लॉट करता येईल. कागदावर दोघांची नावं, परवानगी एक, कुंपण एक. पट्टीवाल्याला आणि सहा नंबरवाल्याला कायमचं एकत्र राहावं लागेल, एवढंच.

तेवढंच! सख्खे भाऊ एका कुंपणात राहत नाहीत आजकाल.

मी निघाले तर हिम्मतराव तिथंच बसले. अर्धा तास त्यांनी मॅडमचं डोकं खाल्लं. तोडक्यामोडक्या तेलुगूत एकच विचारत होते. सहा नंबरवाल्याला त्याचं घर पूर्ण बांधता येईल का? पट्टीवाल्यानं नडायचं म्हटलं तरी? पट्टीवाल्याला नुसती एक खोली बांधता येईल का? मॅडमची जेवणाची वेळ टळली पण त्यांनी सगळं समजावून सांगितलं, सगळ्याला हो म्हणाल्या. परतताना मला म्हणतात, "म्हणजे पट्टी तुझीच की गं. वाटणारीनं शेवटी उचलायची ना?" आणि हसले. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. माणसाला दुसऱ्याच्या दुःखात एवढा रस कसा असतो, मला कळत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

शशिकांत येऊन गेला. पोरगा वाईट नाही. सरळ बोलला. "काकू, सहा नंबर माझ्या वाट्याला आला तर पट्टी मला विकून टाका. योग्य भाव देतो. तुम्ही दुसरीकडं कुठंतरी फ्लॅट बघा." योग्य भाव त्या पट्टीचा! त्यात हैदराबादेत फ्लॅटचा जिना तरी येतो का?

पण त्याचं चुकलं कुठं? त्याचा हिशेब बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर आहे, हेच मला सहन होत नाही.

२ मार्च, रविवार

आज अप्पाराव घरी आला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. "अम्मा, मेरे नक्शे में सात आते ना? सातों को बराबर. तुम बोलो बस, सब मानते. तुम्हारी बात सुनते वो लोगां."

खरं होतं ते. मी एक शब्द बोलले असते, नियम फार कडक आहेत, मंजुरीला वर्षं लागतील, तर सगळे डळमळले असते. हिम्मतरावांची तर त्याला सहीच होती. मला बारा फुटी रस्त्यावरचं का होईना, पण घर मिळालं असतं. मी त्याला चहा केला. दोनदा केला. तो बोलत होता आणि मी मनातल्या मनात हो म्हणत होते. लिहायला लाज वाटते, पण म्हणत होते.

मग चतुरामावशी दारात उभ्या. विहारातल्या रविवारच्या वंदनेहून परस्पर आलेल्या. अप्पारावाला बघून म्हणाल्या, "कोण, टँकरवाले का?" तो कसंनुसं हसून उठला. मावशी बसल्या, गुडघे चोळले, आणि म्हणाल्या, "तू नकाशा काढलास तो मी बघितला. मला कळत नाही त्यातलं. पण दवाखान्याची गाडी माझ्या दारात येती का, तेवढं विचारलं शशिकांतला. येती म्हणाला. लई उपकार झाले बघ तुझे."

आता ह्या बाईला मी काय तोंड दाखवणार होते? नकाशा तसाच ठेवला.

९ मार्च, रविवार

वाटणी झाली. आधी घडलं तसं लिहिते, डोकं नंतर फोडून घेईन.

जमिनीवरच बसलो सगळे. चुन्यानं प्लॉट आखले होते. उचलायचा क्रम ठरवायला सहा चिठ्ठ्या टाकल्या, कारण माझा नंबर ठरलेलाच. पहिली चिठ्ठी निघाली हिम्मतरावांची! चतुरामावशी तिसऱ्या. शशिकांत सहावा. म्हणजे सगळं स्पष्टच झालं. चांगले पाच प्लॉट आधीचे पाच उचलणार, सहा नंबर शशिकांतला, पट्टी मला. शशिकांतनं माझ्याकडं बघून मान खाली घातली. हे माझ्या बाजूला बसले होते, त्यांनी माझा हात धरला. लोकांसमोर! आयुष्यात कधी धरला नव्हता.

हिम्मतराव उठले. हळूहळू सगळे प्लॉट फिरून आले, एकेका कोपऱ्यात उभे राहून बघितलं. रस्त्याकडंचा कोपऱ्याचा प्लॉट म्हणजे सोनं, माझ्या हातानं आखलेला. आता ते तिथंच थांबणार असं मी धरून चालले होते. ते गेले नाल्याकडं. पट्टीवर जाऊन उभे राहिले आणि बसमध्ये ओरडायचे तसे ओरडले, "ही माझी! पुढच्यानं उचला!"

कुणाला काही कळेना. मावशी म्हणाल्या, "हिम्मत, पट्टी आहे ती." तर म्हणाले, "डोळे हायेत मला. नाल्याकडं हवा चांगली असती. पुढचा कोण आहे? टाइम खाऊ नका."

मग दुसऱ्यानं कोपऱ्याचा घेतला. मावशींनी मोकळ्या जागेसमोरचा. चौथ्यानं, पाचव्यानं घेतला. शशिकांतची पाळी आली तेव्हा दोनच राहिले होते. मधला एक छोटा चौकोनी, आणि पट्टीला लागलेला सहा नंबर. सहा नंबर मोठा आहे, त्याच्या तीन मजल्यांना सोयीचा. तो सहा नंबरकडं दोन पावलं गेला. म्हणजे मला छोटा चौकोनी, असं मी धरलं. पट्टीवरून हिम्मतराव म्हणाले, "ये की. माझ्या खोलीच्या बाजूला जिना नको बरं का. भाडेकरूंनी नऊनंतर टीव्ही लावायचा नाही. आणि पाण्याची मोटर मी म्हणल तेव्हाच."

शशिकांत थांबला. "जन्मभर ह्यांच्यासोबत? नक्को बाबा," म्हणाला आणि मधल्या चौकोनात जाऊन उभा राहिला. सगळे एवढे हसले, एवढे हसले!

आणि मला राहिला सहा नंबर. पूर्ण प्लॉट. घर होईल असा.

आनंद व्हायला पाहिजे, होतोय पण. घर झालं माझं! पण त्या कागदावर माझ्या नावाशेजारी कुणाचं नाव असणार? हिम्मतरावांचं! सकाळ-संध्याकाळ कुंपणाच्या आत तो आवाज. बाकी सगळ्या जगाला सोडून देवानं म्हणा नशिबानं म्हणा, मी दोन्ही मानत नाही, पण हा माणूस माझ्याच गळ्यात घातला. आमचे हे नुसते हसतात. काय हसायचंय विचारलं तर म्हणतात, "तुला ऑफिसात एवढे मोठे पूल कळतात ना? मग हे कसं कळत नाही?"

११ मार्च, मंगळवार

चतुरामावशींकडं भाजणी द्यायला गेले आणि हिम्मतरावांचं गाऱ्हाणं सुरू केलं. मावशींनी मध्येच थांबवलं. "अगं येडे, त्यानं पहिला नंबर असून कोपरा सोडला, त्याला काय खूळ लागलं होतं व्हय? आपल्या शेजारी कुणी येत नसतं हे त्याच्याएवढं कुणाला माहीत आहे? सगळे सहा नंबर सोडणार. मग तो कुणाला राहणार?"

मला लाज वाटली. मग मॅडमसमोरचा तो अर्धा तास आठवला. सहा नंबरवाल्याला घर पूर्ण बांधता येईल का, पट्टीवाल्यानं नडायचं म्हटलं तरी. स्वतःच्या तोंडाळपणाचा असा उपयोग करणारा माणूस मी पाहिला नव्हता. मोठा माणूस, आणि मी त्याला दोन महिने ह्या डायरीत शिव्या घातल्या.

येताना त्यांच्या खोलीवर गेले. म्हटलं, काका, माझ्यासाठी केलंत ना हे?

"तुझ्यासाठी? हट्! हवा चांगली आहे तिथं," म्हणाले, आणि भाजणीत मीठ जास्त पडतं माझ्या, हेही ऐकवलं.

२० मार्च, गुरुवार

आज रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेलो सगळे. रस्ता आणि मोकळी जागा गावाच्या नावानं दानपत्र करायचं होतं, आणि आमच्या प्लॉटवर दोन नावं चढवायची होती. माधवी मॅडम मुद्दाम थांबल्या होत्या. मंजुरीचा नकाशा त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला.

दानपत्रावर पहिला अंगठा चतुरामावशींचा. सही येते त्यांना, पण रजिस्ट्रीला अंगठाही लागतो. पुसता पुसता म्हणाल्या, "माझ्या बापाला गावच्या वाटेनं चप्पल घालून जाता येत नव्हतं. आज त्याच्या पोरीनं गावाला वाट दिली." आवाज चढवून नाही, कुणाला ऐकवायला नाही. मॅडमना मराठी येत नाही, त्यांनी मला विचारलं काय म्हणाल्या, आणि मी सांगितल्यावर त्यांनी वाकून मावशींच्या पायाला हात लावला. मला वाटलं होतं रस्ता द्यायला लावते म्हणजे ही बाई आपलं काहीतरी घेते. उलट आमच्याजवळ देण्यासारखं आहे, हे तिनंच आम्हाला दाखवलं.

मग आमचा नंबर. क्लार्कनं एका प्लॉटवरची दोन नावं वाचली, आडनावं वेगळी, आणि हिम्मतरावांना विचारलं, "दोनों का रिश्ता क्या है?"

हिम्मतराव बोलायचे थांबले. ड्रायव्हरला, कंडक्टरला, एजंटला, मला, कुणालाच उत्तर द्यायला न थांबलेला माणूस. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "रिश्ता कुछ नहीं, साब," म्हणाले. "ऐसेच. बाजू में रहते."

मी पुढं झाले. "चाचा हैं मेरे. लिखो, चाचा."

क्लार्क म्हणाला, "सगे?"

"सगे," मी म्हटलं.

हिम्मतरावांनी सही केली, आणि मग भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. आमचे हे त्यांच्या जवळ गेले, मी गेले नाही. माझंच मला आवरत नव्हतं.